कुणाच्या ओंजळीनं

आठ फेब्रुवारीला, गुरुवारी, सासूबाईंनी जावयाकडून पंच्याण्णव रुपये उसने घेतले. सोमवारच्या सकाळच्या बसचं तिकीट तेवढ्याचं होतं. आपल्या खोलीवर परत जायचं तर लेकीच्या पैशानं जायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. जावयाचे पैसे म्हणजे लेकीचेच पैसे, हा हिशेब त्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला होता.

"पोचले की लगेच पाठवते," त्या म्हणाल्या. "आणि तिकीटही तुम्हीच काढून आणा, जावईबापू. माझ्यानं तेवढं चालवत नाही."

जावई गेला आणि तिकीट काढून घेऊन आला.

गल्लीत त्याला सगळे थंडोबा म्हणत. एक तर तो फ्रिज दुरुस्त करायचा, आणि दुसरं म्हणजे आग लागली असं ओरडत कुणी आलं तरी हातातला स्क्रू पुरता पिळून झाल्यावरच तो विचारायचा, "कुठं?" घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान होतं. तिथं भिंतीला पाठ लावून सात-आठ फ्रिज उभे असत, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसांसारखे. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून ती ओढून बघायची, पट्टी सहज निघाली की रबर गेलं म्हणायचं, कंप्रेसरला हात लावून त्याचा ताप बघायचा, यात त्याची हयात गेली होती. गिऱ्हाईक फ्रिज घेऊन जायला लागलं की त्याचं एक वाक्य ठरलेलं असे: "आत काहीही उघडं ठेवू नका. झाकण लावा." हे वाक्य त्याच्या बायकोला इतकं पाठ झालं होतं, की ती झोपेतही ते पुरं करू शकली असती.

संध्याकाळी ती औषधांच्या दुकानातलं काम संपवून घरी आली आणि तिनं टेबलावर तिकीट बघितलं.

"अहो, माझ्या आईला घालवायला तुम्ही स्वतः तिकीट काढून आणलंत?"

"सासूबाईंनी सांगितलं. नाही कसं म्हणू?"

"मी वीस वर्षं सांगतेय मोरीच्या दाराला कडी बसवा. ती नाही बसवली कधी."

बायकोनं आवाज खाली आणला, कारण आई आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती.

"त्या ओल्या पायऱ्यांवर ती एकदा पडली. पुन्हा पडली तर उचलायलाही कुणी नाही तिथं. सोमवारपर्यंत काहीतरी करा."

"मी काय करणार?"

"बंद पडलेलं चालू करता ना तुम्ही? मग करा."

सासूबाईंनी धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून चाळीस वर्षं तिसऱ्या विकल्या होत्या. तिसरी म्हणजे दोन शिंपांमध्ये घट्ट मिटून बसलेला, अंगठ्याच्या पेराएवढा जीव. पाण्याच्या कडेलाच त्यांची खोली होती, आणि तिच्या पायऱ्यांना बाराही महिने शेवाळ असे. त्या पायऱ्यांवर घसरून गुडघे दुखावले म्हणून लेकीनं चार महिन्यांपूर्वी त्यांना आपल्या घरी आणलं. लेकीनं आईला फुलासारखं जपलं. भांडं उचलू दिलं नाही, भाजी चिरू दिली नाही. परिणाम असा झाला, की आई खिडकीशी बसली आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प झाली. विचारलेल्या प्रश्नाला "हं" एवढंच उत्तर. मग एक दिवस म्हणाली, "इथं माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मी जाते."

शुक्रवारी थंडोबा डोक्यात तोच विचार घेऊन बाजारात गेला. तिसऱ्यांची टोपली त्या बाजारात शुक्रवारीच येई. टोपली दिसली तेव्हा त्याला फार काही सुचलं होतं असं नाही. विकणारीनं दोन किलो तोलल्या, त्यानं कापडी पिशवीत घेतल्या आणि तो घरी आला.

पिशवी ओट्यावर ठेवली तेव्हा आतून आवाज झाला. बशीवर बशी घासल्यासारखा. खिडकीशी बसलेल्या सासूबाईंनी मान वळवली.

"काय भावानं आणल्यात?"

त्यानं भाव सांगितला.

"फसवलं तुम्हाला. आणि तराजूनं घेतल्यात ना? आम्ही ओंजळीनं द्यायचो. ओंजळ खोटं बोलत नाही."

"पण तुमची ओंजळ लहान, असं गिऱ्हाइकं म्हणायची ना? तुमची लेक सांगते."

"लहान ओंजळीला कमी भाव लावायचे मी. लेकीनं तेवढं नसेल सांगितलं." त्या काठी टेकत ओट्याजवळ आल्या आणि पिशवीत डोकावल्या. चार महिन्यांतलं त्यांचं हे सगळ्यात मोठं बोलणं होतं. "आजच करायच्या ना?"

"रविवारी. तुमच्या लेकीला रविवारचीच सुट्टी असते."

"शुक्रवारच्या तिसऱ्या रविवारी? जावईबापू, हा जिवंत जीव आहे. बटाटे नाहीत."

"फ्रिज आहे की."

"फ्रिज म्हणजे मेलेल्यांची खोली. आम्ही उरलेल्या तिसऱ्या जाळीत घालून परत पाण्यात सोडायचो. पेटीत नाही कोंबायचो."

थंडोबाला कुणी आळशी म्हटलं, मंद म्हटलं, तरी तो हसून सोडून द्यायचा. पण फ्रिजला नावं ठेवलेली त्याला खपत नसत.

"रविवारी दुपारपर्यंत जिवंत राहिल्या तर?"

"राहत नाहीत."

"राहिल्या तर तुम्ही जायचं नाही. मेल्या तर सोमवारी मी तुमची पिशवी उचलून तुम्हाला बसमध्ये बसवतो, आणि तुमच्या लेकीला समजावतो."

"तिला तुम्ही समजावणार?" सासूबाई हसल्या. मग काठीवर दोन्ही हात ठेवून, सौदा करताना उभ्या राहत असतील तशा उभ्या राहिल्या. "दोन-चार तर कुठंही मरतात. ओंजळभर मेल्या तर सोडून देऊ. ओंजळीच्या वर गेल्या की मी चालले. मग रडारड नको कुणाची."

"ठरलं," थंडोबा म्हणाला.

रात्री बायकोनं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "माझी आई पैजेवर लावलीत? तीही तिसऱ्यांच्या?" पण ती मनातून सुखावली होती, कारण आईनं जेवताना आपणहून मीठ मागितलं होतं, आणि कमी आहे असं वर ऐकवलंही होतं.

आता पैज जिंकायची तर बंदोबस्त चोख हवा. थंडोबानं घरातला सगळ्यात मोठा डबा काढला, तिसऱ्या त्यात घातल्या, झाकण लावलं, आणि झाकणाच्या चारही बाजूंच्या कड्या खटाखट बसवल्या. कागदाची पट्टीसुद्धा आत शिरणार नाही, इतका घट्ट. डबा फ्रिजमध्ये ठेवून तो समाधानानं झोपला.

शनिवारी सकाळी बायको कामाला गेली, आणि त्यानं डबा उघडला. कोंदट वास आला. निम्म्या तिसऱ्या आ वासून पडल्या होत्या.

त्यानं डबा मागच्या पायरीवर नेला, बादली घेतली, आणि उघड्या दिसतील त्या एकेक उचलून बादलीत टाकू लागला. एक ओंजळ केव्हाच होऊन गेली. दुसरी होत आली. सोमवारची बस त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली, आणि बसच्या खिडकीपेक्षाही स्पष्ट बायकोचा चेहरा दिसायला लागला. बादली तशीच कोपऱ्यावर नेऊन रिकामी करावी, कुणाला कळणार आहे, असं क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

"काय फेकताय?"

"मेलेल्या."

"मेल्या असं कुणी सांगितलं?"

"तोंडं उघडी आहेत की."

"तोंड उघडं म्हणजे मेलं? मग तुम्ही दुपारी झोपता तेव्हा आम्ही काय समजायचं?"

सासूबाई भिंतीला धरून, कण्हत, पायरीवर बसल्या. बादलीतली एक तिसरी त्यांनी तळहातावर घेतली आणि शिंपेवर नखानं टिचकी मारली. काहीच झालं नाही.

"बघा," थंडोबा म्हणाला.

"थांबा हो जरा."

दोघं बघत राहिले. मग अगदी सावकाश, जड दार ढकलल्यासारखी, शिंप हलली आणि मिटली.

"थंडीतून आल्यात. वेळ लागतो. तुम्हाला हाक मारली की तुम्ही लगेच येता का?"

त्यांनी दुसरी उचलली, टिचकी मारली, पदरावर ठेवली. मग तिसरी. मिटेल ती पदरात, टिचकीवर टिचकी मारूनही ढिम्म राहील ती बाजूच्या ताटलीत. त्यांची बोटं वाकडी झाली होती, पण आता ती अशी चालत होती, की थंडोबाला आपला पाना हातात घेतल्यावर स्वतःचा हात कसा चालतो ते आठवलं. बादली हळूहळू रिकामी झाली. पदर भरला. ताटलीत थोड्याच राहिल्या.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही स्वतःची पैज हरायला लागलात."

टिचकी थांबली. सासूबाईंच्या ते तोवर ध्यानातच आलं नसावं. त्यांनी पदराकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं, आणि पुढची तिसरी उचलली.

"पैज पैजेच्या जागी. जिवंत जीव मेलेल्यांत टाकायचा नसतो. चाळीस वर्षं बसले पायरीवर, हे पाप नाही केलं कधी." टिचकी. "झाकण कुणी लावलं होतं?"

"मीच."

"चार कड्या लावल्यात? आत काय चोर होता, पळून जाणारा? त्यांना श्वास नको?"

"सगळ्या गिऱ्हाइकांना झाकण लावा म्हणून सांगतो मी."

"दुधाला सांगा. दूध श्वास घेत नाही."

थंडोबा चूक सुधारायला उठला. एक पसरट पातेलं घेतलं आणि नळाखाली धरलं, तोच सासूबाईंनी काठी आपटली.

"नळाचं पाणी नाही घालायचं. गोड्या पाण्यात बुडून मरतात त्या."

"पाण्यातला जीव पाण्यात बुडून मरतो?"

"आपलं पाणी वेगळं, परकं पाणी वेगळं," सासूबाई म्हणाल्या. "परकं पाणी कितीही गोड असलं तरी त्यात जीव गुदमरतो."

हे बोलणं तिसऱ्यांपुरतं नव्हतं, हे थंडोबाला कळलं. त्यानं पातेलं कोरडं पुसलं आणि नुसतं विचारलं, "मग काय घालू?"

"काही नाही. पसरून ठेवा, आणि वर ओलं फडकं, पिळून. त्यांना वाटलं पाहिजे की ओहोटी लागलीय, भरती यायचीय. तोवर त्या धीर धरतात."

पातेलं तयार झालं. सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये उलटा हात घातला आणि लगेच बाहेर काढला. "हा फार गार. मागं बर्फ धरलाय. पहाटेच्या पाण्याइतका गार पाहिजे."

पहाटेचं पाणी किती अंशांचं असतं, हे थंडोबाला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. तो सासूबाईंना हाताला धरून दुकानात घेऊन गेला. चार महिन्यांत त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. एकेक फ्रिज त्यानं उघडला, आणि त्या वैद्यानं नाडी बघावी तसा उलटा हात आत धरत पुढे सरकल्या. हा गार. हा कोमट. हा नुसताच आवाज करतो. कोपऱ्यात एक उंच, पिवळा पडलेला फ्रिज होता. मालक तो टाकून गेला तो परत आलाच नव्हता. थंडोबानं त्याचा गॅस बदलला, थर्मोस्टॅट बदलला, तरी पठ्ठ्या पाच अंशांच्या खाली उतरायला तयार नव्हता. शेवटी त्यानं त्याचा नाद सोडून आत प्यायच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

सासूबाईंचा हात त्या फ्रिजमध्ये बराच वेळ राहिला.

"हा."

"तो बिघडलेला आहे, आई. बर्फच करत नाही."

"त्याला बर्फ करायला सांगितलंय कुणी?"

थंडोबानं तोंड उघडलं आणि मिटलं. बाटल्या बाहेर आल्या, पातेलं आत गेलं. सासूबाईंनी फ्रिजसमोर स्टूल मागवलं आणि त्यावर ठाण मांडलं. दिवसभरात त्यांनी जितक्या वेळा दार उघडलं, तितक्या वेळा इतर कुणी उघडलं असतं तर थंडोबा वीजबिलावर बोलला असता. फडकं सुकलं की ओलं करायचं, मिठाच्या पाण्यात बुडवून, पिळून. कुठली तोंड उघडून बसली असेल तर टिचकी. दुपारी कोपऱ्यावरचा बेकरीवाला जुना फ्रिज मिळेल का बघायला आला. त्याची नजर नेमकी त्या उंच फ्रिजवर गेली.

"काकू, हा विकायचा आहे का?"

"यात माणसं राहतात," सासूबाई म्हणाल्या.

बेकरीवाल्यानं थंडोबाकडे बघितलं. थंडोबा त्या वेळी एक स्क्रू पिळत होता.

संध्याकाळी बायको परत आली आणि दारातच थांबली. पुढच्या खोलीत अंधार पडत आला होता, फ्रिजचा पिवळा दिवा लागला होता, आणि आई आणि नवरा दोघांची डोकी फ्रिजच्या आत होती. आई बोलत होती. ओहोटीच्या वेळी रेतीवर कशी बारीक भोकं दिसतात, कुठल्या भोकाखाली तिसरी असते आणि कुठल्याखाली नुसता फसवा बुडबुडा, हे ती सांगत होती, आणि थंडोबा हूं हूं करत ऐकत होता. "हं" म्हणायचं काम आता त्याच्याकडे आलं होतं. बायको पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

"दारात काय उभी राहिलीस," आई आतूनच म्हणाली. "ये नाहीतर जा. गार हवा जातेय."

दार फ्रिजचं उघडं होतं, पण हे तिनं बोलून दाखवलं नाही.

रविवारी सकाळी तिसऱ्या मिठाच्या पाण्यात सोडल्या, म्हणजे पोटातली रेती थुंकून टाकतील. मीठ किती घालायचं ते सासूबाईंनी बोट बुडवून, चाखून ठरवलं. पहिल्यांदा अळणी म्हणाल्या, दुसऱ्यांदाही अळणी म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा तोंड वाकडं झालं तेव्हा म्हणाल्या, "आता घरच्यासारखं लागतंय." तासाभरात पाणी गढूळ झालं आणि तिसऱ्यांनी इवल्याशा पांढऱ्या जिभा बाहेर काढल्या.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसले. शेवटची निवड करायची होती. सासूबाई टिचकी मारत, बायको मिटलेली तिसरी पातेल्यात टाकी, आणि थंडोबा न मिटणारी ताटलीत. कालच्या मेलेल्याही त्याच ताटलीत होत्या, कारण थंडोबानं त्या प्रामाणिकपणे वेगळ्या ठेवल्या होत्या. पातेलं वरपर्यंत भरलं, आणि ताटलीतही छोटा ढीग झाला.

"आणा इकडे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली. थंडोबानं ताटली हळूच कलती केली. ओंजळ भरली. काठोकाठ भरली. आणि सात-आठ तिसऱ्या वरून घरंगळून टेबलावर पडल्या.

बायकोनं हातातलं झाकण खाली ठेवलं आणि ते उगाचच परत उचललं.

"हरलो," थंडोबा म्हणाला. त्याचा शब्द मागं फिरत नसे, फक्त यायला उशीर लागे. "पहिल्या रात्री झाकण लावलं ना मी, तिथंच हरलो. सकाळी पिशवी उचलतो तुमची."

सासूबाईंनी टेबलावर पडलेल्या तिसऱ्यांकडे बघितलं. मग दुकानाच्या दाराकडे बघितलं. तिथून तो उंच फ्रिज दिसत होता आणि त्याच्यासमोरचं स्टूलही.

"हात पुढे करा," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"करा म्हटलं तर करा."

थंडोबानं ओंजळ केली. रुंद पंजा, बोटांवर पत्र्यानं कापल्याचे वण, नखांत कितीही घासलं तरी न जाणारं काळं तेल. सासूबाईंनी आपली ओंजळ त्याच्या ओंजळीत रिकामी केली, आणि टेबलावरच्या तिसऱ्याही वेचून त्यात टाकल्या. त्याच्या हातात त्या पार तळाशी बसल्या. वर अजून तेवढ्याच मावल्या असत्या.

"मावल्या," सासूबाई म्हणाल्या.

"पण आई, तुम्ही तर तुमच्या ओंजळीनं..."

"ओंजळ कुणाची, असं बोललो होतो का आपण?"

"नाही."

"मग गप्प बसा. गिऱ्हाइकाला माझ्या ओंजळीनं द्यायचं. घरातला हिशेब घरातल्या मोठ्या हातानं करायचा असतो."

बायकोचा जीव भांड्यात पडला. ते भांडं तिनं चुलीवर चढवलं आणि पाठ वळवून उभी राहिली. वाफ डोळ्यांत गेली, असं तिनं नंतर सांगितलं. अजून वाफ धरायची होती, पण तो विषय कुणी काढला नाही.

थोड्या वेळानं पातेल्यात टकटक सुरू झाली. एकेक शिंप उघडत होती. बायकोनं झाकण काढलं, एक घट्ट मिटलेली शोधून काढली आणि म्हणाली, "ही बघा, छान आहे."

"ती फेक," आई म्हणाली. "शिजवूनही जी उघडत नाही ती मेलेली."

"काल मिटते ती जिवंत म्हणत होतात तुम्ही," थंडोबा म्हणाला. "एक काहीतरी ठरवा."

"कच्ची असताना मिटायला पाहिजे, शिजल्यावर उघडायला पाहिजे. वेळ बघून तोंड उघडणारीच खरी." त्यांनी लेकीकडे बघितलं. "हे तुझ्या बापाला कधी जमलं नाही."

थंडोबानं ती मिटलेली तिसरी हातात घेतली आणि मघाच्या हिशेबात धरायची का, अशा नजरेनं सासूबाईंकडे पाहिलं.

"पैज शिजायच्या आधीची होती," त्या म्हणाल्या. "बसा जेवायला."

तिघं पोट भरून जेवले, तरी पुष्कळ उरल्या. सासूबाईंनी उरलेल्यांचं मांस शिंपांतून सोडवलं, पातेल्यातलं पाणी फडक्यानं गाळून त्यावर ओतलं, आणि डबा मागितला. तोच चार कड्यांचा. गार होऊ दिलं, आणि मग त्यांनी डबा थंडोबापुढे सरकवला.

"आता लावा झाकण. चारही कड्या लावा. आता यांना श्वासाची गरज नाही. आणि हा ठेवा तुमच्या त्या बर्फवाल्यात."

थंडोबानं चारही कड्या सावकाश, एकेक करून लावल्या. कडीवरून बायकोला आठवण झाली. ती म्हणाली, "आणि मोरीच्या दाराची?" ती कडी त्यानं त्याच संध्याकाळी बसवली, आणि घरात ती घटना पैजेइतकीच गाजली.

सोमवारची बस वेळेवर सुटली. पुढच्या शुक्रवारी सासूबाई थंडोबाच्या हाताला धरून बाजारात गेल्या, विकणारीशी भावावरून वाद घातला आणि तिला ओंजळीनं कसं मोजतात ते दाखवून आल्या. मोजताना त्यांनी जावयाचे हात वापरले. विकणारी हरकत घेत होती, पण तिचं कुणी ऐकलं नाही. उंच फ्रिज त्यांच्याच नावानं ओळखला जाऊ लागला. त्याला बर्फ करता येत नाही असं आता कुणी म्हणत नाही.

तिकिटाचे पंच्याण्णव रुपये पोचल्यावर पाठवायचे ठरले होते. सासूबाई अजून पोचलेल्या नाहीत. रक्कम येणे आहे.